तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

वाहन पुरवणीत ‘ही गाडी घ्या’ असं कधी छापत नाहीत. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, लांबी-रुंदी द्यायची, इंजिनाची ताकद द्यायची, दोन्हींबद्दल थोडं बरं आणि थोडं वाईट लिहायचं आणि शेवटी ‘निवड आपापल्या गरजेनुसार’ असं म्हणून बाजूला व्हायचं, ही रीत आहे. कारणही साधं आहे. दोन्ही गाड्यांचे विक्रेते त्याच पुरवणीत जाहिरात देतात.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दैनिकात ही पुरवणी माझ्याकडे बरीच वर्षं होती. गाड्यांची आवड म्हणून ती मिळालेली नाही. आधी ती पाहणारे सहकारी दुसऱ्या आवृत्तीत गेले, बैठकीत संपादकांनी ‘कोण घेतं?’ असं विचारलं आणि त्या वेळी खोकला आलेली व्यक्ती मी होते. वाचक फोन करून म्हणत, “गाडीवाल्या साहेबांना द्या.” मीच बोलतेय म्हटल्यावर पलीकडून पुन्हा विचारत, “म्हंजी गाड्यांचं तुम्ही लिहिता?” मग, “बरं, मंग ताई तुम्हीच सांगा, कोणती घ्यावी?”

छापायची बंदी असली तरी फोनवर उत्तर द्यावंच लागे. पूर्वी प्रश्न एकच असायचा, ‘अ‍ॅव्हरेज किती?’ गेल्या काही वर्षांत तो बदलला. दोन भाऊ, त्यांच्या बायका, आईवडील आणि मुलं यांना एकाच गाडीत बसायचं असतं. त्यामुळे ‘सेव्हन सीटर कोणती?’ हाच प्रश्न रोज येऊ लागला.

ज्यांनी अशी गाडी घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. या गाड्यांत तीन रांगा असतात. पुढे दोघं, मध्ये दोन किंवा तीन, मागे दोन किंवा तीन. शोरूममध्ये मागची रांग नेहमी आडवी पाडून ठेवलेली असते. त्यामुळे डिकी एखाद्या खोलीएवढी दिसते आणि घरचे खूश होतात. रांग उभी केली की डिकीत एक बॅग आणि एक पाण्याचा जार राहतो. शिवाय मागं जायला वेगळं दार नसतं. मधली सीट दुमडून किंवा मधल्या फटीतून आत शिरावं लागतं. कागदावर सात जागा असतात. त्यातल्या पाच जागांचा विचार गाडी बनवणारा करतो आणि उरलेल्या दोनांचा विचार तिथं बसणाऱ्यानं करायचा असतो.

शहागंजातल्या एका कापड व्यापाऱ्यानं माझा तुलनेचा लेख वाचून त्यातली मोठी गाडी घेतली. लेखात रुंदी छापलेली होती. त्यांच्या गल्लीची रुंदी अर्थातच छापलेली नव्हती. पेढ्यांचा खोका आणि हार घेऊन गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथंच राहिली. शेवटी ती मेहुण्याच्या घरी, चिकलठाण्याला ठेवायची ठरली, कारण तिथं अंगण होतं. पुढं वर्षभरानं ते भेटले तेव्हा गाडी कशी आहे असं विचारलं. “उत्तम,” ते म्हणाले, “मेहुणे लई खूश हैत.”

दुसरे एक गृहस्थ गंगापूर तालुक्यातले बागायतदार. मुलगा शहरात नोकरीला. ते गाडी बघायला आले ते भाड्याच्या टेम्पोतून, बरोबर अकरा नातेवाईक घेऊन. विक्रेता नम्रपणे म्हणाला, “काका, ही सात जणांची गाडी आहे.” “ते तुमच्या कागदावर,” काका म्हणाले. “आमच्याकडं लग्नाला सात माणसं कधी गेली व्हती, ते सांगा मला.” मग त्यांनी स्वतः बाहेर उभं राहून अकरा जण आत बसवले. ज्या गाडीचं मागचं दार एका धक्क्यात लागलं ती त्यांनी घेतली. नियमाप्रमाणे हे चूक आहे, असं मी त्यांना सांगितलं. “नियमाला कोण न्यू लागलंय लग्नाला?” असं म्हणून ते निघून गेले.

या दोघांमुळे माझ्या लक्षात आलं, की तुलना गाड्यांची करून भागत नाही. मग पुरवणीत एक सदर सुरू केलं. गाडी घेऊ पाहणारं एक खरं कुटुंब निवडायचं. दोन्ही विक्रेत्यांनी एकाच सकाळी आपापली गाडी द्यायची. कुटुंबानं एका गाडीतून जायचं आणि दुसरीतून परत यायचं. अट एकच: प्रत्येकानं नेहमीच्या जागी बसायचं. आमच्या भागात गाडीतल्या जागा कुणी ठरवत नाही, त्या ठरलेल्याच असतात. वडील पुढं, सासूबाई मधल्या रांगेत खिडकीशी आणि घरात सर्वांत शेवटी आलेली सून सर्वांत मागं. मी स्वतः नेहमी तिसऱ्या रांगेत बसत असे. तिथून गाडी कशी आहे ते कळतं, आणि कुटुंबही.

मुकुंदवाडीचे साळवे यांचं कुटुंब असंच आलं. उत्तमराव साळवे चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. पत्नी शांताबाई. थोरला मुलगा मिलिंद बँकेत अधिकारी, त्याची बायको करुणा शिक्षिका. धाकटा आनंद वाळूजला एका कंपनीत, आणि त्याची बायको प्रज्ञा एका खाजगी रुग्णालयात नर्स. लग्नाला तीन वर्षं झालेली. हे सगळे दरवर्षी दीक्षाभूमीला नागपूरला भाड्याच्या गाडीनं जात. या वर्षी स्वतःच्या गाडीनं जायचं ठरलं होतं.

कुठल्या गाडीनं, यावर भावाभावांचं जमत नव्हतं. मिलिंदला हवी होती ती उंच, चौकोनी, रुंद टायरांची. “रोडवर समोरचा बाजूला व्हायला पाहिजे,” हे त्याचं म्हणणं. आनंदची पसंती कमी उंचीच्या, लांबट गाडीला. तिला मोठी स्क्रीन होती आणि छताला काच होती. उंच आणि लांब, एवढंच मी त्या गाड्यांना इथं म्हणते. महिनाभर जेवताना हाच विषय चालला होता, असं करुणानं सांगितलं. “मला कुणी विचारलं नाय मॅडम. मी जेवून उठते.”

प्रज्ञा पर्स धरून गाडीपाशी उभी होती. निघताना शांताबाई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ही आज आली हेच नवल समजा. आमच्यासंगं कुठं जायचं म्हणलं की हिची ड्यूटी असती. नागपूरला तीन वर्षांत एकदा आली, ती पण जाता-येता झोपून. आमच्यात मनच लागत नाय तिचं.” प्रज्ञाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या हे म्हणाल्या.

आधी उंच गाडी घेतली. मिलिंद चालवायला, उत्तमराव त्याच्या शेजारी. मधल्या रांगेत शांताबाई, करुणा आणि आनंद. मागं प्रज्ञा आणि मी. दुसरी गाडी मागून येत होती. तिच्यात दोन्ही शोरूमची माणसं होती. त्यातले नईमभाई उंच गाडी विकणारे. या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. जालना रोडवरून निघून छावणी आणि पडेगाव मागं टाकून आम्ही दौलताबादकडे लागलो.

उंच गाडीच्या बाजूनं जे नोंदवायचं ते नोंदवते. इंजिन दमदार होतं, खड्डे कळत नव्हते, चढाला गाडी हूं का चूं करत नव्हती. पुढं मिलिंद त्याचंच वर्णन करत होता. मागं जमीन उंच असल्यामुळे गुडघे पोटाशी येत होते. खिडकी शाळेच्या पाटीएवढी होती आणि उघडत नव्हती. गाडी प्रत्येक वळणावर पुढच्यांना जेवढी हलवी त्याच्या दुप्पट मागच्यांना हलवी.

किल्ला मागं पडून खुलताबादचा घाट सुरू झाला तसं मी प्रज्ञाला विचारलं, “पाय पुरतात का इथं?”

ती समोरच्या सीटच्या पाठीकडे एकटक बघत होती. “मॅडम, रागावू नका,” ती हळूच म्हणाली. “थोडा वेळ माझ्याशी बोलू नका.”

मी तिच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, ओढणी तोंडाशी, दुसऱ्या हातात घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी. ती पिशवी तिनं घरूनच आणलेली होती.

“गाडी थांबवा,” मी म्हटलं.

“घाटात?” मिलिंद म्हणाला. “मागं ट्रक हे.”

“आत्ता थांबवा.”

गाडी कडेला घेतली. आनंद खाली उतरला आणि प्रज्ञाला बाहेर यायला वाट करून द्यायला मधली सीट दुमडू लागला. या सीटला दोन कड्या होत्या. एकीनं सीट पुढं दुमडते, दुसरीनं मागं सरकते. त्यानं दुसरी ओढली. सीट सरकून प्रज्ञाच्या गुडघ्यांवर आली. “ती नाय, वरची!” करुणा ओरडली. आनंदनं पुन्हा तीच ओढली. तोवर जे व्हायचं ते झालं. पिशवी होती म्हणून गाडी बचावली.

खुलताबादच्या अलीकडे एका चहाच्या टपरीशी दोन्ही गाड्या थांबल्या. प्रज्ञानं तोंड धुतलं आणि ती बाकावर बसली. शांताबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

“काय गं, काही बातमी हे का?”

करुणानं चहाचा कप तोंडाला लावून हसू दाबलं.

“बातमी नाय आई,” प्रज्ञा म्हणाली. “मला गाडी लागते.”

“कधीपासून?”

“लहानपणापासून. मागं बसलं की लईच लागते. त्या नागपूरच्या वेळेस गोळ्या घेतल्या व्हत्या, म्हणून झोपले.”

शांताबाईंनी बोटांवर वर्षं मोजली. “आन् दरवर्षीची ड्यूटी?”

“मीच मागून घेत व्हते.”

“म्हंजी आमच्यासंगं यायला नको वाटतं म्हणून नाय?”

“नाय आई. मला तर जायचं असतं. मागच्या वर्षी तुम्ही सगळे निघाले तेव्हा मी दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन रस्त्याकडं बघत उभी व्हते.”

“मंग सांगायला काय झालं व्हतं?” शांताबाईंचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. “मी काय वाघीण हे का?”

उत्तर करुणानं दिलं. “सांगितलं असतं तर पुढून कुणाला उठवलं असतं आई? बाबांना?”

सगळे उत्तमरावांकडे पाहू लागले. ते बशीत चहा ओतत होते. “मी कधी म्हणलो पुढंच बसतो म्हणून?” ते म्हणाले. “तुम्हीच दार उघडून उभे राहता. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटतं.”

“बसा म्हणलं तर नाय तरी कधी म्हणले?” शांताबाई म्हणाल्या.

उत्तमरावांनी लगेच जागा सोडली. परत जाताना प्रज्ञानं पुढं बसावं, असं ठरलं. पण प्रज्ञानं मान हलवली. “पुढं पण थोडं लागतंच. चालवताना लागत नाय.”

“चालवताना म्हंजी?” मिलिंदनं विचारलं.

“गाडी चालवताना. वळण कधी येणार ते आपल्याला आधीच माहीत असतं ना.”

हे खरं आहे. गाडी चालवणाऱ्याला सहसा मळमळत नाही. डोळे रस्त्यावर असतात आणि वळणाच्या आधीच अंग सावरलेलं असतं. हे मी पुरवणीत एका चौकटीत कधीतरी छापलं होतं. घरातल्या कुणाच्या बाबतीत वापरायचं म्हणून नव्हे, चौकट रिकामी होती म्हणून.

“प्रज्ञाला चारचाकी येते?” मिलिंदनं भावाला विचारलं. आनंद समोरच्या झाडाकडे बघू लागला.

“आंद्या,” शांताबाई म्हणाल्या, “तुला माहीत व्हतं?”

“तिच्या पप्पांची जीप व्हती ना, सिल्लोड-भोकरदन रोडला, पॅसेंजरची.”

“मी इचारलं काय, तू सांगू लागला काय?”

“व्हय, माहीत व्हतं,” आनंद म्हणाला. “पण आपल्याकडं गाडीच नव्हती, तर सांगून काय करायचं?”

प्रज्ञानं सांगितलं ते असं: ती वडिलांच्या जीपमध्ये बसली की ओकायची. शेवटी ते कंटाळून म्हणाले, यापेक्षा तूच चालव. ती रिकाम्या शेतरस्त्यावर शिकली आणि अठरा पूर्ण होताच तिनं लायसन काढलं. “इथं चालवू का मी?” तिनं विचारलं. हे ती मिलिंदला किंवा आनंदला विचारत नव्हती. नईमभाईंना विचारत होती.

आता उतरताना लांब गाडी घ्यायची होती, आणि ती नईमभाईंची नव्हती. तिचा विक्रेता नवा होता. त्यानं नईमभाईंकडे पाहिलं. “लायसन देखो और चाबी दे दो,” नईमभाई म्हणाले. “मालूम है मियाँ, ये भाभी आज अपना सौदा करवाती या डुबवाती.” प्रज्ञानं पर्समधून लायसन काढून दाखवलं.

निघण्याआधी मी दोन्ही भावांना म्हटलं, उंच गाडीच्या मागच्या रांगेत पाच मिनिटं बसून बघा. मिलिंद शिरला. उंचापुरा माणूस, गुडघे हनुवटीशी आले. आनंदनं बाहेरून मधली सीट सरळ केली आणि दार लावून घेतलं. “दादा, कडी सापडंना मला,” तो काचेतून म्हणाला. “चहा आत पाठवू का?” आतून मिलिंद जे बोलला ते काचेमुळे ऐकू आलं नाही. करुणानं त्याचा फोटो काढला. तो फोटो पुढे त्यांच्या घरच्या ग्रुपवर बरेच दिवस फिरला, असं कळलं.

लांब गाडीत प्रज्ञा चालवायला बसली. तिच्या शेजारी शांताबाई, नजर ठेवायला म्हणून. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या होत्या, त्यांवर उत्तमराव आणि करुणा. त्यांच्यामधल्या फटीतून दोन्ही भाऊ आणि मी मागं गेलो. काहीही दुमडावं लागलं नाही. तिघांना जागा घट्टच होती, पण पाय जमिनीवर टेकत होते आणि खिडकीतून किल्ला दिसत होता. छताच्या काचेचा मागच्यांना उपयोग शून्य. ती मधल्या रांगेपाशीच संपते. आनंदनं मान वर करून दोनदा पाहिलं आणि खाली घातली.

पहिल्या वळणाला मिलिंद म्हणाला, “प्रज्ञा, गिअर खाली घे.” दुसऱ्याला म्हणाला, “डावीकडं घे, डावीकडं.” तिसऱ्याला आनंदही म्हणाला, “हॉर्न दे.”

शांताबाई वळूनही न बघता म्हणाल्या, “मागच्यानं गप बसायचं असतं. तीन वर्षं ही कधी बोलली का?”

घाट उतरला. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या तटातल्या एका जुन्या दरवाजातून जातो. तिथून एका वेळी एकच मोठं वाहन निघतं. समोरून मक्याचा ट्रक अर्धा आत शिरला होता. आमच्या मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. प्रज्ञानं आरशात पाहिलं, गाडी हळूहळू मागं घेतली आणि तटाच्या भिंतीला लागून वीतभर अंतर ठेवून उभी केली. ट्रक गेला. ट्रकवाल्यानं हात वर केला. शांताबाईंनीही, प्रज्ञाच्या वतीनं, हात वर केला.

पुढं रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. तिथं गाडी थांबवून शांताबाईंनी पाटीभर सीताफळं घेतली आणि पहिलं प्रज्ञाच्या हातात दिलं. “खाशील का आता, का अजून मळमळतं?”

“नाय मळमळत,” प्रज्ञा म्हणाली, आणि तिथंच, स्टिअरिंगवर कोपर टेकून, तिनं ते पूर्ण खाल्लं.

मागच्या रांगेत त्या वेळी निवड झाली. मी तिथं होते म्हणून सांगू शकते. मिलिंदनं पाय लांब केले, पुन्हा जवळ घेतले, पुन्हा लांब केले. मग भावाला म्हणाला, “ही घेऊ.”

“मी महिनाभर काय सांगू लागलो मग?” आनंद म्हणाला.

“तू काचेचं सांगू लागला व्हता. गाडी तुझी, कारण माझं. आन् काचेवाली नाय घ्यायची. बिनकाचेची घ्यायची, मागं एसीचा झोत असलेली. मागं आता आपल्यालाच बसायचंय.”

आनंदनं खूप विचार केल्यासारखं दाखवलं आणि हो म्हटलं.

शोरूमपाशी उतरल्यावर नईमभाई भेटले. “मॅडम, कमाल है,” ते म्हणाले. “उल्टी हमारी गाडी में, बुकिंग उनकी!” मग जाऊन त्यांनी प्रज्ञाला सांगितलं, की कधी गाडी बदलायची झाली तर आधी माझ्याकडं या, माझ्या गाडीचंही स्टिअरिंग बरं आहे.

लेख मी त्याच संध्याकाळी लिहिला. तो जसा घडला तसा छापला गेला नाही. पुरवणीच्या शेवटच्या पानावर उंच गाडीची पानभर जाहिरात होती, आणि पहिल्या पानावर तिच्यात कुणीतरी ओकलं, हे संपादकांना पटलं नाही. जाहिरात नसती तरी त्यांना पटलं नसतं. ओकारी हा शब्द पुरवणीत कधी आलेला नव्हता. छापून आलं ते एवढंच: ‘लांब गाडीची तिसरी रांग प्रवासाला अधिक सोयीची. उंच गाडी चढाला अधिक समर्थ. निवड आपापल्या गरजेनुसार.’ मापं बिनचूक होती. त्या सकाळबद्दल त्यात काही नव्हतं. या नोकरीत अशा बऱ्याच सकाळी मापांखाली गेल्या, आणि त्याची थोडी चुटपुट आहे. सगळ्यांचीच नाही, गंगापूरच्या काकांचे अकरा जण छापले असते तर माझ्यावर कारवाई झाली असती.

साळवे कुटुंबानं गाडी दसऱ्याच्या आधी घेतली. ते नागपूरला निघाले त्या दिवशी सकाळी शांताबाईंचा फोन आला. त्या गाडीतूनच बोलत होत्या. मागून भावांचा आवाज येत होता. खिडकीशी कुणी बसायचं यावरून त्यांचं चाललं होतं. उत्तमराव झोपले आहेत, करुणा पेपर तपासते आहे आणि जालना केव्हाच मागं पडलं, असं त्यांनी सांगितलं.

“प्रज्ञाला बरं आहे ना?” मी विचारलं. “तिच्याकडे देता का फोन?”

“देत नाय,” शांताबाई म्हणाल्या. “ती गाडी चालवू लागली.”